समूह-परीक्षेचें गणित

शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें म्हणून नव्याण्णवांस रानांत ठेवून त्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टान्त आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. त्या मेंढपाळास एक गोष्ट अनुकूल होती. कोणतें मेंढरूं नाहींसें झालें हें कळपाकडे पाहतांच त्यास समजलें. परंतु व्यवहारांत पुष्कळ वेळां याहून कठीण प्रसंग येतो. शंभर वस्तु समोर आहेत. त्यांत एखादी सदोष आहे. ती कोणती हें बाहेरून दिसत नाहीं. आणि प्रत्येक वस्तु तपासावयाची म्हटली तर वेळ, पैसा व साहित्य पुरत नाहीं. अशा वेळीं शंभर वस्तूंसाठीं शंभरच तपासण्या केल्या पाहिजेत काय? कीं बुद्धि चालवून काम थोडक्यांत होईल?

या प्रश्नाचा विचार करणारी गणिताची एक शाखा १९४३ सालापासून वाढत आली आहे. तिला आपण समूह-परीक्षा म्हणूं. तिचें मूळ तत्त्व शाळेंतील बेरीज, गुणाकार व अपूर्णांक यांच्या पलीकडचें नाहीं. आणि तिचा उपयोग मात्र माणसांचे प्राण वांचविण्यापर्यंत पोंचला आहे. म्हणून ती विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावी असें आम्हांस वाटलें.

१. पेजेचा पेला

प्रथम आपल्या सावली-मूलच्या धानाच्या मुलुखांत कोणासही घरीं करतां येईल असा एक प्रयोग पाहूं. भाताच्या पेजेंत पिष्ट असतें, आणि पिष्टावर टिंक्चर आयोडिनाचा थेंब पडला कीं गडद निळा रंग उमटतो. चौसष्ट लहान पेले घ्यावे. त्रेसष्टांत स्वच्छ पाणी घालावें. उरलेल्या एकांत गाळून थंड केलेली पेज पाण्यांत मिसळून घालावी. ती इतकी पातळ असावी कीं डोळ्यांस भेद कळूं नये. पेज थंड असणें अवश्य आहे, कारण ऊन पेजेंत निळा रंग टिकत नाहीं. मग पेल्यांची अदलाबदल करून ते मित्रासमोर ठेवावे आणि कमींत कमी परीक्षा करून पेजेचा पेला शोधावयास सांगावें. आयोडिन घातलेलें पाणी विषारी असतें. तें कोणीं पिऊं नये, प्रयोग संपतांच ओतून टाकावें.

जो एकेक पेला तपासील, त्यास दैव प्रतिकूल असेल तर त्रेसष्ट परीक्षा कराव्या लागतील. चतुर विद्यार्थी निराळें करील. बत्तीस पेल्यांतून एकेक चमचा पाणी घेऊन तो एका भांड्यांत मिसळील व त्यांत आयोडिन टाकील. निळा रंग आला तर पेज या बत्तिसांत आहे. न आला तर ती उरलेल्या बत्तिसांत आहे. कोणतेंही उत्तर आलें तरी अर्धे पेले संशयमुक्त झाले. पुढें सोळांची परीक्षा, मग आठांची, चारांची, दोघांची आणि शेवटीं एकाची. अशा सहा परीक्षांत पेजेचा पेला हातीं येतो.

याहूनही कमी परीक्षांत हें काम होईल काय? नाहीं, आणि तें कां होणार नाहीं हें सिद्ध करतां येतें. एका परीक्षेस ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ अशीं दोनच उत्तरें संभवतात. दोन परीक्षांचीं उत्तरें चार प्रकारांनीं, तिहींचीं आठ प्रकारांनीं, आणि पांचांचीं बत्तीस प्रकारांनीं येऊं शकतात. सदोष पेला कोणता याच्या शक्यता तर चौसष्ट आहेत. बत्तीस खुणांनीं चौसष्ट गोष्टी वेगळ्या ओळखतां येणार नाहींत. म्हणून सहा ही संख्या केवळ चांगली नव्हे, तर सर्वांत लहान आहे.

या प्रयोगांत मात्र एक सवलत होती. सदोष पेला एकच आहे हें आपणांस अगोदर ठाऊक होतें. जगांत असें आश्वासन कोणी देत नाहीं. हजार माणसांत रोगी किती, हें कोणी सांगूं शकत नाहीं. फार तर ‘शंभरांत सुमारें एक असावा’ असा अंदाज सांगतां येतो. तेव्हां काय करावें?

२. सैन्यांतील रक्तपरीक्षा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंत सैन्यांत घ्यावयाच्या लक्षावधि तरुणांचें रक्त उपदंशाच्या रोगासाठीं तपासलें जात असे. रोगी थोडे, निरोगी पुष्कळ. तरी प्रत्येकाच्या रक्ताची परीक्षा स्वतंत्र होई. रॉबर्ट डॉर्फमन या अर्थशास्त्रज्ञानें १९४३ सालीं एका गणिती नियतकालिकांत छोटासा निबंध लिहून यावर एक सोपी युक्ति सुचविली. दहा जणांच्या रक्ताचा थोडथोडा अंश एकत्र करावा आणि त्या मिश्रणाची एकच परीक्षा करावी. मिश्रण निर्दोष ठरलें तर दहाही जण एका परीक्षेंत मोकळे झाले. सदोष ठरलें तरच त्या दहांची स्वतंत्र परीक्षा करावी.

हिशेब करून पाहूं. हजार माणसें आहेत आणि त्यांत दहा रोगी आहेत असें धरा. दहा-दहांचे शंभर गट झाले. पहिल्या फेरींत शंभर परीक्षा झाल्या. दैव कितीही प्रतिकूल असलें तरी दहा रोगी दहाच गटांत असणार. त्या दहा गटांतील शंभर माणसांच्या आणखी शंभर परीक्षा. एकूण दोनशें! हजारांचें काम दोनशेंत झालें; आठशें परीक्षा वांचल्या.

ही बचत कोठून आली? ती ‘नाहीं’ या उत्तरांतून आली. एकट्या माणसाची परीक्षा करून ‘नाहीं’ असें उत्तर आलें, तर आपणांस जें बहुधा ठाऊकच होतें तेंच पुन्हा कळलें. शंभरांत नव्याण्णव निरोगी असतांना एक माणूस निरोगी निघाला यांत नवल तें काय? पण दहांच्या गटाविषयीं ‘नाहीं’ हें उत्तर आलें म्हणजे एका शब्दांत दहा जणांची साक्ष मिळाली. समूह-परीक्षेचें सारें रहस्य यांत आहे. प्रश्न असा विचारावा कीं त्याचें उत्तर आपणांस अगोदरच ठाऊक नसावें.

डॉर्फमनची ही योजना त्या वेळीं सैन्यांत अमलांत आली नाहीं. रक्त दहापट पातळ केल्यावर रोगाची खूण दिसेनाशी होण्याचा धोका होता. या धोक्याकडे आपण पुढें पुन्हा वळूं.

३. गट केवढा असावा?

दहांचाच गट कां? पन्नासांचा केला तर पहिल्या फेरींतील परीक्षा आणखी कमी होणार नाहींत काय? होतील, पण मोठ्या गटांत एखादा रोगी असण्याचा संभवही वाढेल, आणि मग सर्वच्या सर्व पन्नासांची पुन्हा परीक्षा करावी लागेल. शेंकडा एक रोगी असतां सरासरीनें दर शंभर माणसांमागें किती परीक्षा लागतात, तें असें: पांचांचा गट केल्यास सुमारें २५, दहांचा केल्यास २०, विसांचा केल्यास २३, पन्नासांचा केल्यास ४१, आणि शंभरांचा एकच गट केल्यास ६४. गट फार लहान असणें वाईट आणि फार मोठा असणेंही वाईट. उत्तम मध्यें आहे.

तो मध्य शोधण्याची रीत सुंदर आहे. गटांतील माणसांची संख्या ग आणि रोग्यांचें प्रमाण प मानूं. पहिल्या फेरींत प्रत्येक माणसाच्या वांट्यास एक भागिले ग इतकी परीक्षा येते. रोग विरळ असेल तर गट सदोष निघण्याचा संभव सुमारें ग गुणिले प इतका असतो, आणि तितकाच दुसऱ्या फेरीचा भार प्रत्येक माणसावर पडतो. या दोन भारांची बेरीज कमींत कमी व्हावी अशी आपली इच्छा आहे. आतां त्या दोहोंचा गुणाकार करून पाहा. ग नाहींसा होतो आणि केवळ प उरतो. म्हणजे गट केवढाही घ्या, गुणाकार बदलत नाहीं. ज्या दोन संख्यांचा गुणाकार ठरलेला आहे त्यांची बेरीज त्या समान असतांना सर्वांत लहान होते.

हें तत्त्व आपल्या भागांतील शेतकरी भूमितीच्या पुस्तकावांचून जाणतो. एकाच क्षेत्रफळाच्या दोन बांध्यांपैकीं एक लांबट व एक चौरस असेल, तर चौरस बांधीला भोंवतालचा बांध कमी घालावा लागतो. क्षेत्रफळ म्हणजे गुणाकार, आणि बांधाची लांबी म्हणजे बेरजेची दुप्पट. तेव्हां दोन्ही भार समान करावे; म्हणजे ग चा वर्ग हा एक भागिले प इतका व्हावा. शंभरांत एक रोगी असेल तर शंभराचें वर्गमूळ दहा, म्हणून गट दहांचा. हजारांत एक असेल तर गट सुमारें बत्तिसांचा, आणि हजार माणसांचें काम सरासरीनें ६३ परीक्षांत होतें.

उलट रोग विरळ नसेल तर हा लाभ झपाट्यानें ओसरतो. दहांत एक रोगी असतां उत्तम गट चौघांचा, आणि हजार माणसांस ५९४ परीक्षा लागतात. दहांत तीन रोगी असतां तिघांचा गट करूनही ९९० लागतात. म्हणजे बचत जवळजवळ शून्य. शेंकडा एकतिसांपलीकडे रोग गेला कीं या रीतीनें कोणताही गट करणें तोट्याचें होतें, आणि एकेकाची परीक्षा करणें हेंच शहाणपण ठरतें. युक्ति तीच, पण ती कोठें चालवावी व कोठें चालवूं नये, हें रोगाच्या विरळपणावर अवलंबून आहे.

४. आपल्या देशांतील प्रसंग

२०२० सालीं करोनाची सांथ आली, तेव्हां हें जुनें गणित आपल्या देशास एकाएकीं हवेंसें झालें. परीक्षेचें साहित्य थोडें, प्रयोगशाळा मोठ्या शहरीं, आणि संशयित अगणित. त्या वर्षीं १३ एप्रिल रोजीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें नमुने एकत्र करून तपासण्यासंबंधीं सूचना प्रसिद्ध केल्या. एका मिश्रणांत पांचांहून अधिक नमुने नसावे. बाधितांचें प्रमाण शेंकडा दोनांहून कमी असेल त्या भागांतच ही रीत वापरावी. दोन ते पांच असेल तेथें केवळ लक्षणें नसलेल्या लोकांच्या पाहणीसाठीं वापरावी. आणि पांचांहून अधिक असेल तेथें वापरूं नये, असें त्यांत सांगितलें होतें.

या आंकड्यांकडे आपल्या गणिताच्या दृष्टीनें पाहूं. शेंकडा दोन बाधित असतां आपलें सूत्र सातांचा गट करावयास सांगतें, आणि दर शंभर माणसांमागें २७ परीक्षा लागतात. परिषदेनें पांचांची मर्यादा घातली. त्यामुळें ३० लागतात. म्हणजे तीनच परीक्षा अधिक. उत्तम बिंदूच्या आसपास बांधाची लांबी जशी फारशी बदलत नाहीं, तसेंच हें आहे. एवढ्या थोड्या खर्चांत परिषदेनें काय मिळविलें? नमुना फार पातळ होण्याचा धोका टाळला.

हा धोका कसा असतो तें नीट समजून घेण्यासारखें आहे. करोनाच्या त्या परीक्षेंत विषाणूच्या अंशाची पुनःपुन्हा दुप्पट केली जाते. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ, अशा सुमारें चाळीस फेऱ्या होतात, आणि पुरेसा सांठा झाला म्हणजे खूण दिसूं लागते. नमुना पांचपट पातळ केला तर तितकाच सांठा होण्यास दोन-तीन फेऱ्या अधिक लागतात. ज्याच्या घशांत विषाणु पुष्कळ आहेत त्याची खूण तरीही वेळेवर दिसेल. पण ज्याची खूण अगदीं शेवटच्या फेऱ्यांत दिसावयाची, तो मिश्रणांत निसटून जाईल. पेजेच्या प्रयोगांत हेंच पाहावें. पेज अधिकाधिक पातळ करीत जा, आणि किती पाणी मिसळल्यावर निळा रंग दिसेनासा होतो तें टिपून ठेवा. तेवढ्यानें तुम्हांस गटाची मर्यादा कळेल.

गणित शेंकडा तिसांपर्यंत बचत दाखवितें. मग पांचांवरच थांबण्यांत काय हंशील? शेंकडा दहा बाधित आहेत आणि गट पांचांचे आहेत असें धरा. शंभर माणसांस ६१ परीक्षा लागतील; बचत आहे. पण दर शंभर गटांपैकीं ४१ गट सदोष निघतील व पुन्हा उघडावे लागतील. तितके लोक दुसऱ्या फेरीच्या निकालाची वाट पाहत राहतील, आणि त्यांतील बाधितांचा उपचार तितका लांबेल. सांथीच्या दिवसांत वेळ हाही खर्चच आहे. तो केवळ परीक्षांच्या संख्येंत दिसत नाहीं.

उलट पक्षीं बचतीचा अर्थ काय होतो तेंही पाहावें. हजार परीक्षांचें साहित्य असेल, तर एकेकास तपासून हजार माणसें होतील. शेंकडा दोन बाधित असतां पांच-पांचांचे गट करून तेंच साहित्य तेहतीसशेंहून अधिक माणसांस पुरेल. प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या वनप्रदेशांतील गांवांस या फरकाचें मोल अधिक; कारण साहित्य तुटपुंजें असलें म्हणजे दूरचा माणूसच बहुधा शेवटीं राहतो.

आणखी एक गोष्ट. संसर्गाचा रोग एका घरांत शिरला म्हणजे घरांतील अनेकांस होतो. म्हणून एका घरचीं माणसें एकाच गटांत घातलीं तर बाधित माणसें थोड्या गटांत एकवटतात, अधिक गट निर्दोष राहतात, आणि बचत वाढते. नमुने कोणत्याही क्रमानें मिसळण्यापेक्षां गांवाची माहिती असलेल्या माणसानें मिसळलेले बरे.

५. एकाच फेरींत उत्तर

डॉर्फमनच्या रीतींत दुसरी फेरी करावी लागते. एकाच फेरींत काम होईल काय? सदोष वस्तु एकच असेल तर होतें, आणि त्याची युक्ति मुलांच्या परिचयाची आहे. एक ते सात क्रमांकांचे पेले घ्या आणि तीन भांडीं मांडा. पहिल्या भांड्यांत १, ३, ५, ७ या पेल्यांतील पाणी मिसळा. दुसऱ्यांत २, ३, ६, ७ यांतील. तिसऱ्यांत ४, ५, ६, ७ यांतील. तिन्ही भांड्यांत एकदम आयोडिन टाका. पहिल्या भांड्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार धरा, आणि निळ्या झालेल्या भांड्यांच्या किंमतींची बेरीज करा. पहिलें व तिसरें निळें झालें तर एक अधिक चार, म्हणजे पांचवा पेला.

परंतु सदोष पेले दोन असले तर ही युक्ति फसवते. पहिला व दुसरा पेला सदोष असेल तर पहिलें व दुसरें भांडें निळें होईल, आणि बेरीज तीन येईल. निरपराध तिसरा पेला दोषी ठरेल, आणि दोघे खरे दोषी सुटतील! याहून बळकट मांडणी हवी. आणि तिचें मूळ एका धर्मोपदेशकाच्या कोड्यांत सांपडतें.

थॉमस पेनिंग्टन किर्कमन (१८०६–१८९५) हे इंग्लंडांत लँकाशायर परगण्यांतील क्रॉफ्ट या गांवीं धर्मोपदेशक होते. उपासनामंदिराचें काम संभाळून त्यांनीं गणिताची आजन्म सेवा केली. १८५० सालीं त्यांनीं एक कोडें प्रसिद्ध केलें. शाळेंतील पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पांच ओळी करून फिरावयास जातात; सात दिवसांची योजना अशी करावयाची कीं कोणत्याही दोन मुली एका ओळींत एकाहून अधिक वेळां येऊं नयेत. ही योजना करतां येते. सात दिवसांच्या मिळून पस्तीस ओळी होतात.

आतां पंधरा मुलींच्या जागीं पंधरा परीक्षानळ्या ठेवा, आणि पस्तीस ओळींच्या जागीं पस्तीस माणसें. ज्या ओळींत ज्या तीन मुली, त्या माणसाचा नमुना त्या तीन नळ्यांत घाला. प्रत्येक नळींत सात जणांचे नमुने येतील. आणि कोणत्याही दोन माणसांची एकाहून अधिक नळी सामाईक असणार नाहीं. पस्तिसांपैकीं फार तर दोघे बाधित आहेत असें धरा. एखादा निरोगी माणूस घ्या. त्याच्या तीन नळ्यांपैकीं पहिला बाधित फार तर एक नळी दूषित करील, दुसरा बाधित फार तर दुसरी. तिसरी नळी स्वच्छच राहील, आणि ती नळी त्याच्या निरोगीपणाची साक्ष देईल. म्हणून नियम असा: ज्याची एक तरी नळी स्वच्छ तो निरोगी, ज्याच्या तिन्ही दूषित तो बाधित. पस्तीस माणसें, पंधरा परीक्षा, एकच फेरी, आणि एकही निरपराध माणूस दोषी ठरत नाहीं.

पहिल्या प्रकरणांतील कसोटी येथेंही लावून पाहावी. पस्तिसांत बाधित कोणी नाहीं, किंवा एक आहे, किंवा दोघे आहेत, याच्या एकूण शक्यता १ + ३५ + ५९५, म्हणजे ६३१ होतात. नऊ परीक्षांच्या खुणा ५१२ च असतात. म्हणून दहांहून कमी परीक्षांत हें काम होणें अशक्य. किर्कमनची मांडणी पंधरा घेते. एका फेरींत निकाल मिळावा यासाठीं पांच परीक्षांचें हें मोल फार नव्हे.

हें केवळ कोडें राहिलें नाहीं. २०२० सालीं मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे व त्यांचे सहकारी यांनीं करोनाच्या परीक्षेसाठीं ‘टॅपेस्ट्री’ नांवाची एकाच फेरीची पद्धति तयार केली. तिच्यांत प्रत्येक नमुना तीन मिश्रणांत घातला जातो, आणि मिश्रणांची मांडणी किर्कमनच्या त्रिकांवरून घेतली आहे. शिवाय प्रत्येक मिश्रणांत विषाणु आहे कीं नाहीं एवढेंच न पाहतां तो किती आहे हेंही हिशेबांत घेतलें जातें. त्यामुळें बाधित दोघांहून अधिक असले तरी पुष्कळदां उलगडा होतो. जिन्याभोंवतीं वेल चढावी त्याप्रमाणें एका गांवच्या धर्मोपदेशकाचें कोडें एकशेंसत्तर वर्षांनीं पवईच्या प्रयोगास आधारूं लागलें. जें ज्ञान आज केवळ बुद्धीचा खेळ वाटतें तें उद्यां कोणाच्या उपयोगीं पडेल हें सांगतां येत नाहीं.

६. आपल्या जिल्ह्यांत: दोन उलट उदाहरणें

कांहीं वेळां सदोष कोण हें शोधावयाचें नसून सदोषांचें प्रमाण किती एवढेंच जाणावयाचें असतें. चंद्रपूर व गडचिरोली हे हत्तीरोगाचा उपद्रव असलेले जिल्हे आहेत. हा रोग क्यूलेक्स जातीच्या डांसांच्या मादीमार्फत पसरतो. औषधोपचारानंतर एखाद्या भागांत रोगजंतु उरले आहेत कीं काय हें पाहण्यासाठीं शास्त्रज्ञ डांस पकडून सुमारें वीस-पंचवीस डांसांचा एकेक गट एकत्र कुटून तपासतात. पुदुच्चेरी येथील डांस-संशोधन केंद्रानें या रीतीवर बरेंच काम केलें आहे. समजा, विसांचे शंभर गट तपासले आणि त्यांतील ब्याऐंशी निर्दोष निघाले. ज्या संख्येचा विसावा घात ०.८२ येतो ती संख्या सुमारें ०.९९ आहे, म्हणजे शंभर डांसांत एक डांस दूषित. दोन हजार डांसांचें काम शंभर परीक्षांत झालें, आणि दूषित डांस कोणता हें विचारण्याची गरजच पडली नाहीं.

सिकलसेलची गोष्ट उलट आहे. या रक्तदोषाचे वाहक पूर्व विदर्भांत पुष्कळ आहेत. कांहीं समाजांत दहांत एकाहून अधिक. रोग विरळ नाहीं, तेव्हां गटाची बचत थोडी. पांचांत एक वाहक असेल तर तिघांचे गट करूनही शंभरांस ८२ परीक्षा लागतील. आणि येथें हेतुही निराळा आहे. आपण वाहक आहों कीं नाहीं हें प्रत्येक तरुण-तरुणीस विवाहापूर्वीं स्वतःपुरतें निश्चित कळणें अवश्य आहे. १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेंत सात कोटि लोकांच्या तपासणीचा संकल्प आहे. तेथें प्रत्येकानें आपल्या रक्ताचा थेंब स्वतंत्रच द्यावा, हें गणिताच्याही विरुद्ध नाहीं आणि माणुसकीच्याही.

७. या गणितापासून घ्यावयाचा बोध

दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मनांत ठेवाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली ही कीं, गट सदोष ठरला म्हणजे गटांतील प्रत्येक माणूस सदोष ठरला असें नव्हे. शेंकडा दोन बाधित असतां पांचांचा गट दूषित निघाला, तर त्यांत बहुधा एकच बाधित असतो आणि चौघे निरोगी असतात. दुसऱ्या फेरीपूर्वीं त्या पांचांकडे बोट दाखविणें हें गणिताचें अज्ञान आहे आणि शेजारधर्माचा भंगही. एखाद्या घरावरून, वस्तीवरून किंवा जातीवरून माणसाची परीक्षा करणारा हीच चूक करीत असतो. तो पहिल्या फेरीवर थांबतो आणि दुसरी फेरी कधींच करीत नाहीं.

दुसरी ही कीं, हें सारें गणित एका अंदाजावर उभें आहे. रोगाचें प्रमाण किती हा तो अंदाज. लोकांनीं भयानें किंवा लाजेनें आजार लपविला तर अंदाज चुकतो, गटाचा आकार चुकतो, आणि थोडें साहित्य भलत्या ठिकाणीं खर्च होतें. खरें सांगणारा माणूस आपल्या गांवाच्या वांट्यास येणाऱ्या तपासण्या वाढवितो. असा त्याच्या सत्याचा हिशेब मांडतां येतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) शंभर पेल्यांपैकीं एकांत पेज आहे. तो निश्चितपणें शोधण्यास कमींत कमी किती परीक्षा लागतील?

(२) चारशेंत एक वस्तु सदोष असते. डॉर्फमनच्या रीतीनें गट केवढा करावा, आणि हजार वस्तूंस सुमारें किती परीक्षा लागतील?

(३) पंचवीस डांसांचे शंभर गट तपासले. अठ्ठ्याहत्तर निर्दोष निघाले. दूषित डांसांचें प्रमाण काय?

(४) नऊ मुली तिघी-तिघींच्या तीन ओळी करून चार दिवस फिरावयास जातात. कोणत्याही दोघी एकाच ओळींत दोनदां येऊं नयेत अशी योजना करा. या योजनेवरून नऊ नळ्यांत किती माणसांची परीक्षा होईल?

उत्तरें: (१) सात. (२) विसांचा गट. सुमारें शंभर परीक्षा. (३) शेंकडा एक. (४) बारा माणसांची. या शेवटच्या प्रश्नांतील योजना मात्र आम्ही मुद्दाम दिलेली नाहीं. विद्यार्थ्यांनीं ती स्वतः शोधून आपल्या गणिताच्या शिक्षकांस दाखवावी.